पेटीतली ओल

इनायतभाईंनी काच कापता कापता विचारलं, मासे?
म्हटलं, बेडूक.
ते हसले नाहीत.
कटर खाली ठेवून एवढंच म्हणाले,
सोलापुरात?

तळाला भाजक्या मातीच्या गोळ्या, वर जाळी,
जाळीवर नारळाचा भुसा, कोळशाचा चुरा, शेवाळ.
होटगी रोडच्या नर्सरीतून आणलेलं शोभेचं अननस,
त्याच्या पानांच्या बुडाशी चमचाभर पाणी राहतं,
चमचाभरच हवं.
विडी घरकुलातल्या बदामाची गळकी पानं
उकळून, वाळवून, पुन्हा उकळून पसरली.
पद्मजा म्हणाली, सिलिंडर संपत आलाय
आणि तू पाला शिजवतोयस.

पहिल्या आठवड्यात सगळ्यावर बुरशी चढली.
मग बुरशी खाणारे किडे सोडले,
पांढरे, खसखशीएवढे.
घरात किडे विकत आणणारा मी पहिलाच असेन
आमच्या गल्लीत.

बाहेर बेचाळीस.
नळाला पाचव्या दिवशी पाणी, तेही रात्री अडीचला,
मोटारींच्या घरघरीत अख्खी गल्ली जागी.
बोअरचं पाणी खारट. बेडूक पाणी पीत नाही,
कातडीनं शोषतो, त्याला ते चालत नाही.
म्हणून वीस लिटरचा जार
टॉवेलखाली झाकून मी जिना चढायचो,
चोरासारखा.

नायना कॉटवरून बघत राहायचे.
चाळीस वर्षं मागावर. उजवा कान गेलेला.
पेटीतला काटा कधी साठ दाखवायचा, कधी नव्वद,
मी त्यावर टिचकी मारायचो.
एका दुपारी ते उठले,
ट्रंकेतून वीस नंबरच्या सुताचा तुकडा काढला,
पेटीत सोडला, झाकण लावलं,
घटकाभरानं बाहेर काढून दोन बोटांत ताणला.
तट्.
कोरडं हाय, म्हणाले. सूत तुटतंय.

मग बोलत राहिले, काचेकडे बघत:
उन्हाळ्यात शेडमध्ये आम्ही जमिनीवर पाणी मारायचो,
खिडक्यांना ओली पोती.
मालक यायचा आणि विचारायचा,
सूत कसं हाय?
तक्रारीचा सूर नव्हता.
सूत कसं आहे, हेच तर विचारायचं असतं.

त्यानंतर रोज. मी फवारा मारायचा,
त्यांनी सूत ताणायचं.
तेराव्या का चौदाव्या दिवशी
सूत लांबलं, कण्हल्यासारखं झालं, तुटलं नाही.
आण आता, म्हणाले.

तीन आले, पुण्याहून, थर्माकोलच्या डब्यात,
अंगठ्याच्या पेराएवढे.
काळ्यावर पिवळे पट्टे,
जेकार्डचं एखादं कार्ड चुकीचं पंच व्हावं तसे,
एकाची नक्षी दुसऱ्याला जुळत नाही.
श्रावंतीनं हात मागे बांधून विचारलं, विषारी?
तिकडच्या जंगलात असतात, म्हटलं. मुंग्या खाऊन.
इथं केळ्यावर वाढवलेल्या माश्या खातात,
विष तयार होत नाही.
खाण्यावर असतं सगळं, नायना म्हणाले,
आणि खोकत बसले, बराच वेळ.
चाळीस वर्षांचा पिंजू.

लाइट गेली की मी झाकणावर
बर्फाची बाटली ठेवतो, रिजेक्ट टॉवेलात गुंडाळून.
आम्ही चौघे घामानं चिकट,
पेटीत सव्वीस.
पद्मजा काही बोलत नाही.
पण एकदा पहाटे तिला
काचेला गाल लावून बसलेलं बघितलंय.

आज सकाळी पुन्हा लाइट नव्हती.
फवारा मारून मी वळलो तोच
आतून आवाज सुरू झाला,
बारीक, लांबट, न थांबणारा.
नायना कॉटवर उठून बसले.
गल्लीतले सगळे माग गप्प.
लाइट नाही, म्हणाले,
मग कांड्या कोण भरतंय?

मी पेटीकडे बोट दाखवलं.
त्यांनी डावा कान काचेला लावला.
श्रावंतीला सकाळच्या शाळेला उशीर होत होता,
आणि तिची वेणी अर्धीच झाली होती.