फोटोतली

नव्या इमारतीला लिफ्ट आहे.
जुनी पाडली, संचालकबाई सांगतात,
आणि सांगताना त्यांना जरा सुटल्यासारखं वाटत असावं.
खिडकीतून बोट दाखवतात: ती तिथं होती,
आता जिथं बसगाड्या वळतात.
रूना बघते. चौदा वर्षांची आहे. मोबाइल काढत नाही.

आम्ही बर्गनहून आलोय, दोन विमानं, एक रात्रगाडी,
पिशवीत चाळीस जोड लोकरी मोजे
माझ्या आईनं विणलेले, नजर अधू झाल्यावर,
त्यामुळे काहींची टाच भलतीकडेच आलीय.
मोजे टेबलावर. शेजारी सोललेली संत्री, कपात नुसतं गरम पाणी
आणि तिची फाइल.
उचलवणार नाही इतकी जड असेल वाटलं होतं.
सहा कागद निघाले.

सूतगिरणीचं फाटक. पहाट. बदकांची टोपली.
निळी दुलई, दूध-पावडरीचा अर्धा डबा.
दुभाषा वेई, पोरसवदा, प्रत्येक शब्दाआधी थांबतो,
अंधारात पायरी चाचपावी तसा.
आडनाव फू. इथल्या सगळ्यांचंच फू.
त्या वर्षी आलेल्या साऱ्या मुलींच्या नावात लान,
एकाच ताग्यातून बेतलेली नावं.

मग शू आयी आली.
आयी म्हणजे मावशी, वेई म्हणाला.
निवृत्त झालेली, मुद्दाम बोलावलेली,
केस ओले विंचरून, बहुधा सुनेचा कोट घालून.
तिनं गळामिठी घातली नाही, रडली नाही.
रूनाला पाठमोरी केलं,
मानेवरचे केस वर सारून पाहिलं
आणि हरवलेली किल्ली सापडावी तशी हसली.
'हीच. खोकायची. रात्री छातीवर घ्यावी लागायची.'
तो डाग मी तेरा वर्षं पाहतेय.
माझ्याआधी तो कुणी पाहिला असेल
हे सुचलंच नव्हतं मला.

तेव्हा मी पाकिटातून फोटो काढला.
तोच, दत्तकाच्या कागदांबरोबर टपालानं आलेला,
नऊ महिने फ्रिजवर, उशाखाली, कामावरच्या खणात,
ज्याच्याशी भांडी घासताना मी बोलत असे,
ज्याला पहिल्यांदा रूना म्हटलं.
शू आयीनं तो हातभर लांब धरला. मग जवळ.
'ही ती नाही,' म्हणाली.
'ही शेजारच्या पाळण्यातली.'

हे एवढंसं वाक्य
वेईनं फार वेळ तोंडात धरलं.
संचालकबाईंनी संत्र्यांची ताटली पुढे सरकवली.

रूनानं विचारलं, मग ती कुठाय?

शू आयी बोलत राहिली. पाळणा किती रुंद,
गजांमधून दोघींचे हात कसे, ते दाखवलं.
खिडकी दाखवली, जी आता नाही.
बोटांवर महिने मोजले,
दुसऱ्या बोटाशी थांबली.
वेई स्वतःच्या बुटांकडे पाहत होता.
'त्यांना आठवत नाही, म्हणतात.'

मी कुणाला जाब विचारणार होते,
आणि कोणत्या भाषेत?
जिच्यावर जीव जडला तिला मी आणलं नाही.
जिला आणलं तिच्यावर जीव जडला, मागाहून,
त्याच खोकल्याच्या रात्री, छातीवर घेऊन.
हिशेब लागत असेलही.
मला तो लावायचा नाही.

निघताना शू आयीनं मोज्यांचा ढीग उपसला,
टाच चुकलेला एक जोड काढला
आणि हा मला राहू दे म्हणाली.
हे वेईनं सांगायची गरज पडली नाही.

गाडीत रूना वरच्या बर्थवर.
खाली लोंबता हात: फोटो दे.
दिला.
बराच वेळ वर दिवा जळत होता.

सकाळी पाहिलं. मागं माझ्या अक्षरातलं तिचं नाव
तिनं खोडलं नव्हतं.
त्याच्याखाली फक्त एक रेघ ओढली होती,
कोरी,
फॉर्मवर नावासाठी सोडतात तशी.