दांडी

मोटर आधी घेतलीस, लुसुंगू,
आणि सायकल आता शोधतोयस.
खोगीर काखेत मारून
घोडा बघायला निघाल्यासारखं.
असू दे. मझुझूत सगळे असेच येतात.

ठेव ती पोत्यावर.
ही तांब्याची गुंडाळी
कानिंगिनाच्या चढावर दोन माणसं ओढेल म्हणतोस.
ओढेल की.
तिची ताकद सोसणार कोण, तेवढं बघू.

भिंतीला नऊ टेकल्यात.
चंदेरी सोड.
हॉलंडहून कंटेनरमधून आली, उचलून बघ, पिसासारखी,
पण ॲल्युमिनियम आहे. नखानं वाजव.
टण् नाही, टक्.
मानी धातू. वाकत नाही,
आणि एक दिवस न सांगता तुटतो.
मागच्या चिमट्याची खाच बघ, आस बसतो तिथली.
मोटर चाकाला पुढे ढकलते
तेव्हा आसाला उलटा पीळ घालते.
पोलाद दात खाऊन धरून ठेवतं.
ही तोंड उघडते.
खुम्बोची उघडली, कटोटोच्या उतारावर.
चाक पुढे गेलं, खुम्बो मागे राहिला.
आता लाकडाच्या वखारीत हिशेब लिहितो,
डाव्या हातानं.

ती शर्यतीची? बारीक नळ्या, बारीक टायर.
मागे मक्याचं पोतं बसलं
तर शेपूट हलवत चालेल.

ही घे, काळी.
बावीस किलो, रंगापेक्षा गंज जास्त,
पण गंज वरचा आहे, पॉलिश पेपरनं जाईल.
जोडावर भेग नाही. आत रॉकेल ओतून रात्रभर ठेवलं होतं,
सकाळी फडकं कोरडं.
खाच बोटाच्या अर्ध्या पेरानं अरुंद पडते,
तर नटबोल्ट लावून हळूहळू फाकवू.
पोलादाशी बोलता येतं.
आणि वर ही दांडी.
दांडीखाली तिकोनी जागा, बॅटरी तिथे अगदी मधोमध,
जशी पोटुशी बाई पाटावर बसते तशी...

लुसुंगूनं दांडीवरून हात फिरवला.
याच दांडीवर बसून शाळेत गेलो, म्हणाला,
म्हणजे अशाच एका.
सौदा झालाच होता.

तेम्वा मघापासून दारात उभी.
उसिपाच्या सुक्या मासळीचा वास आधी आत आला, मग ती.
मोटरचे पैसे कुणाचे, मला ठाऊक नव्हतं.
तिनं चितेंजे घोट्यापासून थोडं वर धरलं,
काळीच्या दांडीकडे पाहिलं,
आणि विचारलं,
ह्याच्यावरून पाय कुणाचा जाणार?

कुणीच बोललं नाही. बाहेर एक कबाझावाला
घंटी वाजवत गेला.

मी तोंड उघडलं होतं, बॅटरी, तिकोन,
बळकटी, सगळं जिभेवर होतं.
गिळलं.
कोपऱ्यात गेलो, तीन चाकांमागून
नववी काढली.
बिनदांडीची, टपाल खात्याची असावी,
दोन नळ्या शेजारी शेजारी
मानेपासून पायडलापर्यंत उतरलेल्या,
एकच असती तर वेलीसारखी डोलली असती.
वाजवली. टण्.

बॅटरी कॅरियरखाली जाईल, म्हणालो,
वजन मागे पडेल, चढाला पुढचं चाक उचलेल.
पुढे मासळीची टोपली असते, ती म्हणाली.
किती किलो?
येताना सोळा.
मग नाही उचलणार.

ती बसली. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या.
लुसुंगू अजून काळीजवळ उभा होता,
हात दांडीवर,
जसा कुणी परक्या गुराच्या पाठीवर ठेवतो.

ब्रेक? तिनं विचारलं.
भरल्या टोपलीनं उतरताना थांबेल का?

तीन वर्षं मोटरा बसवतोय मी.
वेग किती, सगळे विचारतात.
म्हणालो, आताचे नाही पुरणार. नवे लावू. खर्च वाढेल.
तिनं पदराची गाठ सोडली नाही,
नुसती चाचपून पाहिली.

गुरुवारी या.
लुसुंगू, येताना दोन जाड वायसर आण,
माझ्याकडचे संपलेत.