बदकं, रांगेत

आवैरूत, खाडीकाठी, तिसऱ्या मजल्यावर
झुल्मिरा एका वाक्यापाशी अडली आहे
सकाळपासून.
इंग्रजांनी गोदामांसाठी लिहिलेली पुस्तिका,
पान एकेचाळीस:
तपासणीस येण्याआधी
आपली बदकं रांगेत लावून घ्या.

म्हणजे काय, ते तिला ठाऊक आहे.
कागद कागदाच्या जागी, चावी खिळ्याला,
पावत्या तारखेवार,
कुणी विचारलं की बोट नेमकं त्यावर.
पण बदकं?
खिडकीखालच्या मिठागरात आहेत चार-पाच,
ती कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

शिवाय तिच्या भाषेत बदकाचं काही खरं नाही.
जेवून गेले दुसरेच, आणि बिल ज्याच्या माथी,
त्याला म्हणतात, यानं बदकाचे पैसे भरले.
पगार ऊ पातु.
हो, पगार. आपल्याकडे येईतो हा शब्द
देणाऱ्याच्या खिशातून
घेणाऱ्याच्या मुठीत आला.
वाटेत एवढा समुद्र होता, काहीही होऊ शकतं.

अबीलियुनं भरले होते.
तिचा भाऊ. फरश्यांच्या कारखान्यात
भांडार सांभाळायचा, एकोणीस वर्षं.
स्क्रू आट्यांप्रमाणे, बिजागऱ्या मापाप्रमाणे,
प्रत्येक खणावर त्याच्या तिरप्या अक्षरातली चिठ्ठी.
वीज गेली तरी हात घालावा
आणि हवं तेच हाती यावं.
खोट होती वरच्या मजल्यावरच्या वह्यांत.
तपासणीस जिना चढलेच नाहीत.
खाली सगळं इतकं नीट होतं
की बोट ठेवायला सोपं गेलं.

आता तो स्वयंपाकघरात, मेजावर
तिचा बटणांचा डबा ओतून
रंग लावत बसतो.
ती इथूनच ओरडून विचारते,
सगळं जागच्या जागी असलं की
काय म्हणायचास रे तू?
मान वर न करता तो म्हणतो,
अर्रुमादु.

आवरलेलं.
आणि तेच जरा आवाज खाली आणून म्हटलं, तर
आटोपलेला. माणूस, त्याचा कारभार, सगळंच.

ती तो शब्द लिहिते.
बघते.
खोडून लिहिते, कागदपत्रं तयार ठेवा.
शब्दामागे सहा सेंट मिळतात,
तक्रार कुणी करणार नाही.

स्वयंपाकघरात एक बटण उरलं आहे,
ना धड निळं, ना हिरवं.
अबीलियु ते दिव्यापाशी नेतो,
परत आणतो,
पुन्हा दिव्यापाशी नेतो.