पेटीमागे एक शिलिंग

सावेरियो मोल्लिकाला लिहिता येत नव्हतं.
त्याची पत्रं मी लिहायचे.
वय अकरा, अक्षर टपोरं,
आणि माझ्या बापाच्या भाजीच्या गाळ्यावर
त्याचं देणं थकलेलं.
पत्रामागे एक शिलिंग वळतं व्हायचं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी, चर्च सुटल्यावर,
कार्लटनमधल्या खानावळीच्या मागच्या खोलीत
तो टोपी काढून मेजावर उताणी ठेवायचा.
मी टाक बुडवायचे.
“लिही : आई, मी बरा आहे.”
मग बराच वेळ काहीच नाही.
बाहेर ट्राम वळणावर किंचाळायची.
“लिही : मी फळांच्या धंद्यात आहे.”

खोटं नव्हतं ते.
मेलबर्नच्या बाजारात पहाटे तीनला उतरणाऱ्या
प्रत्येक पेटीमागे एक शिलिंग त्याचा.
संत्री असोत, कोबी असो,
दव न पुसलेली द्राक्षं असोत.
जो देत नसे त्याचा माल उन्हात ताटकळे,
घोडा लंगडू लागे,
किंवा एखाद्या रात्री त्याच्या गाळ्याला आग लागे,
आपली आपणच.
हे त्यानं कधी सांगितलं नाही, मी लिहिलं नाही.
अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं
आणि पोलीस दिसला की अख्खा बाजार
इंग्रजी विसरायचा.

बोटीच्या तळातून आला तेव्हा
त्याच्यापाशी एकच वस्तू होती म्हणे,
आजोबांचा चाकू, लिंबाची कलमं बांधायचा.
तो चाकू मी पाहिलाय.
बोलता बोलता त्यानं तो नाशपाती सोलायचा,
साल अखंड, जमिनीपर्यंत लोंबणारी,
आणि पहिली फोड मला.
गोड होती. काय सांगू आता,
गोडच होती.

“लिही : इथे डिसेंबरात ऊन भाजतं.”
कालाब्रियाच्या डोंगरातून, पाद्र्याच्या अक्षरात
दोन महिन्यांनी उत्तर आलं :
पोरा, एवढी पिऊ नकोस.
तो खदखदून हसला.
दाराशी उभे असलेले दोघे दचकले.
त्यांनी त्याचे दात
कधी पाहिले नव्हते.

मी तेरा वर्षांची असताना
पाद्र्याचं पत्र चार ओळींचं आलं.
मी मनात वाचलं.
त्यानं विचारलं, “काय म्हणते आई?”
मी म्हटलं, “म्हणते, जेवत जा वेळेवर.”

दया आली असं मी पुढे
माझ्या मुलांना सांगितलं.
पण बापाचे अजून एकसष्ट शिलिंग बाकी होते,
तेही मला तेव्हा
तोंडपाठ होतं.

पुढच्या रविवारी तो आला.
कोटाच्या कॉलरला काळं बटण,
दाढी वाढलेली, गावाकडे सुतकात वाढवतात तशी.
गावचा कुणीतरी बोटीनं आला असणार.
मी टाक खाली ठेवला.
हात मांडीखाली दाबून धरले.
त्यानं टोपी उताणी ठेवली.
चाकू काढला. नाशपाती घेतली.
“लिही,” तो म्हणाला,
“आई, मी बरा आहे.”

एकसष्ट पत्रं. त्यानंतर आणखी नऊ,
ती हिशेबाबाहेरची.
एकही टाकलं नाही पोस्टात.
पिठाच्या डब्यात ठेवली, तळाशी.

त्याला मारलं तो मंगळवार होता.
स्वतःच्याच फाटकाशी, हातात लिंबांची पेटी,
आणि रस्त्यानं उतारावर घरंगळलेली लिंबं
गोरी पोरं वेचत होती, म्हणतात.
दोन पोलीस आमच्या स्वयंपाकघरात आले.
त्यांच्यात एकजण भला होता, बूट पुसून आला.
“तू त्याची पत्रं लिहायचीस ना?
काय करायचा तो? काय सांगायचा?”

डबा त्याच्या कोपराशी होता.
मी शाळेत इंग्रजीत पहिली आलेली.
म्हटलं, “फळांच्या धंद्यात होता.”
त्यानं वहीत लिहून घेतलं
आणि वाट पाहिली, पुढच्या वाक्याची.

ते इंग्रजीत कसं म्हणतात
मला आठवेना.