श्वास रोको

मांजलपूरला टेनामेंटच्या मागच्या फरशीवर,
कपडे वाळत घालायच्या तारेखाली
मी तिपाई उभी केली आहे.
तिच्या पोटाला पिशवी, पिशवीत दोन विटा,
वाऱ्याने हलू नये म्हणून.
उत्तरायण होऊन चार दिवस झाले.
पेरूत अजून मांजा लोंबतोय,
मघाशी दुर्बिणीच्या चाकातही एक गुलाबी धागा निघाला.
दुर्बीण छोटी, ऐंशी मिलीमीटरची.
हॉस्टेल सोडून जाणाऱ्या एका पोराने
गादी, कूलर आणि ही, असं एकगठ्ठा विकलं.
गादी कामवालीने नेली. कूलर गळतो.

टॉर्चला लाल जिलेटिन, वर रबरबँड.
लाल उजेडात माझे हात लगेच ओळखीचे होतात.
एकतीस वर्षं सरकारी इस्पितळाच्या डार्करूममध्ये
हेच हात हायपोत बुडालेले असायचे,
नखं पिवळी,
आणि साडीला तो आंबूस वास
ज्याचा विषय घरी कोणी काढत नसे.

आधी व्याधावर फोकस.
सुपारीएवढा असतो, मग मोहरीएवढा,
मग चाक केसभर जास्त फिरतं आणि पुन्हा सुपारी.
परत.
मोहरी झाली की हात काढून घ्यायचा.
मग मृग. बाणाच्या जरा खाली,
जिथे नुसत्या डोळ्यांना पुसट काहीतरी, तिथे.

पहिल्या रात्री शटर दहा सेकंद उघडं ठेवलं
तर ताऱ्यांच्या शेवया झाल्या.
पेशंट हलला, मी म्हटलं.
मागाहून लक्षात आलं, हललो आपण,
ही फरशी, या विटा, किरीटभाईंची स्कूटर,
सगळे मिळून पूर्वेकडे.
म्हणून आता एकेक सेकंद. दोनशे वेळा.
दर वीस फोटोंनी मृग चौकटीच्या काठाशी जातो,
त्याला दंडाला धरून मध्ये आणायचं.
काचेवर दव धरलं की हेअर ड्रायर,
त्याची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून.
वायव्येला रिफायनरीची शेंदरी धग,
आणि भिंतीपलीकडे किरीटभाईंच्या गच्चीवरचा हॅलोजन,
त्याला मी जुनी चादर आडवी बांधली आहे.

टायमर लावते. गरज नसते, तरी तोंडातून निघतंच,
श्वास रोको, हलशो नहीं.
आणि रोखते मीच.
खट्.
हवे छोडो.

रात्री एकला, जेवणाच्या टेबलावर,
दोनशे फोटो एकावर एक रचले.
कॉम्प्युटर गरगरत राहिला
आणि मग ट्रेमध्ये फिल्म हलवावी तसं
काळ्यातून राखाडी वर आलं.
एक डाग. कडा अस्पष्ट,
खालच्या बाजूला जास्त दाट.
असे डाग मी खूप पाहिले आहेत.
पाहिले आणि क्लिपला लावून वाळत टाकले.
आम्ही बोलायचं नसतं.
दाराशी नातेवाईक विचारायचे, शुं आव्युं, बेन?
उत्तर एकच: डॉक्टरसाहेब कहेशे.
अठ्ठ्याण्णव साली मंजुलाबेनची प्लेट मीच काढली.
दाराशी किरीटभाई होते.
ओल्या फिल्मवरून थेंब पडत होते माझ्या चपलेवर
आणि मला दिसलं होतं.

सकाळी लॅपटॉप ओट्यावर ठेवून चहा घेत होते.
स्कूटर पुसता पुसता ते भिंतीशी आले.
शुं आव्युं, बेन?

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.
डाग आहे, म्हटलं.
ढग आहे खरं तर, वायूचा.
हा उजेड निघाला तेराशे वर्षांपूर्वी,
आत तारे तयार होतायत,
हे चार बघा, अगदी कोवळे.
सगळं सांगितलं. माहीत नव्हतं तेही थोडं.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
बराच वेळ बघितलं.
बोट स्क्रीनला लावलं नाही.
फडकं तसंच भिंतीवर राहिलं.
मग विचारलं,
राते पेली लाइट बंध राखुं?

दहा ते एक, मी म्हणाले.