एकशे तीस, ऐंशी

चौथ्या दिवशी ते पान सापडलं.
पंप क्रमांक दोन, बेअरिंगचं तापमान.
रात्री एकपासून पहाटे पाचपर्यंत
दर तासाला एकच आकडा, एकेचाळीस पूर्णांक सहा,
एकाच शाईत, एकाच तिरक्या हाताने,
जणू पाच तास एकदमच येऊन उभे राहिले टेबलापाशी.

शिफ्टवरचा मुलगा, सोनवळकर,
म्हणाला, मॅडम, पंप ठणठणीत आहे, बघा हवं तर.
बघितलं. ठणठणीत होता.
पण इतका शांत पंप नसतो.
भार वाढला की लोखंड थोडं कण्हतं,
भरतीचं गार पाणी आत आलं
की काटा एखादा दाणा तरी खाली सरकतो.
आकड्यात चूक नव्हती,
आकड्यात रात्र नव्हती.

मी लिहिलं : निरीक्षण सतरा.
नोंदी प्रत्यक्ष वाचनावरून केल्या जात असल्याची
खातरजमा करावी.
तो विचारत राहिला, हे वरपर्यंत जाईल का,
आणि मी बॅजची क्लिप उगाच
काढत-लावत राहिले.

करावे गावात आले तेव्हा अंधारलं होतं.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरची इमारत, तिसरा मजला.
बाबा आवाज बंद करून मॅच बघत होते.
खांद्यावरची बॅग न उतरवताच
मी वही उघडली. रकाने मीच आखून दिलेले,
सकाळ, संध्याकाळ, वरचा, खालचा.

एकशे तीस, ऐंशी.
एकशे तीस, ऐंशी.
चार दिवस, आठ नोंदी,
एकाच तिरक्या हाताने.

मशीन उलटं केलं.
चारांतले दोन सेल गायब.
ते टीव्हीच्या रिमोटमध्ये होते.

"आकडा बरा हाय ना, बाय? मंग?"
एकतीस वर्षं तुर्भ्याच्या कंपनीत, टाक्यांवर.
"इन्स्पेक्टर यायचा त्या दिशी
आमी आकडं सकालीच भरून ठेवाचो.
त्याला निवट्यांचं कालवन, तांदलाची भाकर.
तो पन खूश, आमी पन खूश."
हसले. मग हसू
तोंडावरच राहिलं, मागचं माणूस निघून गेलं.

"काशिनाथ भोपी गेला त्या रातचा आकडा
कोनी लिवला, मना ठाव हाय."

भोपीकाकू अजून खालच्या गल्लीत राहतात.
गणपतीत आमच्याकडे मोदकांचं ताट
त्यांच्याच घरून येतं.
मी काही विचारलं नाही.
सरकारने मला प्रश्न विचारायला शिकवलं,
या प्रश्नाचा रकाना कुठल्याच तक्त्यात नव्हता.

रिमोटमधून सेल काढले.
पट्टा बांधला. दंडाचं कातडं सैल झालंय,
आधी कधी बघितलं नव्हतं.
मशीन घुरघुरलं, फुगलं, धरून बसलं,
मग थोडी थोडी हवा सोडत गेलं.

एकशे अडुसष्ट, एकशे दोन.

"लिव," ते म्हणाले.
मी लिहिलं.
त्यांनी वही ओढून घेतली, चष्मा लावला,
आणि जुन्या सवयीने खाली
सही केली, तारीख घातली,
आणि पुढे : तिसरी पाळी.