पुढचं डावं चाक

पहिल्यांदा ऐकला तो नेरुळात, बाजारामागच्या वळणावर,
जिथे गटाराचं झाकण रस्त्याखाली चार बोटं गेलंय.
खट्.
मला वाटलं डबा पडला.
डबा शेजारच्या सीटवर होता, पट्टा लावून.

पाम बीचला गाडी गप्प.
तुर्भ्याला एमआयडीसीत शिरलं की तोंड उघडते:
ट्रकनं उखडलेल्या ब्लॉकवर खट्,
गतिरोधकावरून उतरताना
खट् आणि वर एक बारीकसं कुईं.
मी रेडिओ लावला.
रेडिओ पंधरा दिवस पुरला.

हिराजी ठाकूरचं गॅरेज जुन्या खाणीच्या पायथ्याशी.
जॅक लावून त्यानं चाक दोन्ही हातांत धरलं, हलवलं,
कानाशी नारळ हलवून बघतात तसं.
मग टॉमी घातली, म्हणाला, वाक, बघ.
बॅटरीच्या उजेडात लोअर आर्मचा बुश:
रबर कसलं, गेल्या सालची आमसुलं.
"बॉल जॉइंट गेलाय. लिंक रॉड गेली.
शॉकअपला घाम फुटलाय."

"अजून चालेल का?"
"चालंल नं बाय. चालाला काय.
पन टायर खाईल."
टायरची आतली कड खरंच खाल्लेली होती,
मी रोज बाहेरची बघत होते.

खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्यानं आकडे लिहिले.
चौदा हजार सहाशे.
शॉकअप धरून बावीस.

मी रात्रशाळेत गणित शिकवते.
सानपाड्याच्या दलालानं बॉनेट न उघडता
गाडीचे पंचावन्न सांगितले, भंगारात अठरा.
मार्चात पंधरा वर्षं भरतात:
फिटनेस, हरित कर, आरटीओत अख्खा दिवस.
पंचावन्नात बावीस, चाळीस टक्के.
हे उदाहरण फळ्यावर घातलं असतं
तर मागच्या बाकावरूनसुद्धा उत्तर आलं असतं, विका.

मुकुंद म्हणाले, विक.
ऋजुता फोनवर म्हणाली, आई, कॅब.
कॅब रात्री पावणेदहाला तुर्भे स्टोअरला येते म्हणते,
मग रद्द होते.
मुकुंदांच्या गुडघ्याची तुलना सगळ्यांनी करून झाली.
मी केली नाही.
गुडघ्याला भंगारात भाव मिळत नाही.

शाळा सुटली की मी दोघींना इंदिरानगरपर्यंत सोडते.
कुसुम, माझ्याच वयाची, दहावीला तिसऱ्यांदा बसलेली,
आणि अफसाना, पॅकिंगच्या पाळीवरून थेट वर्गात येणारी.
अफसाना मागे बसते आणि झोपते.
अकरा मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिलीत.
आवाज सुरू झाल्यापासून झोपत नाही.
काचेला हात टेकून बसते.
परवा विचारलं, "मॅडम, चाक निघनार तर नाय ना?"

हिराजीला म्हटलं, डावी बाजू करून टाक.
तो हसला. "एक चप्पल नवी, एक जुनी घालशील?"
मग दोन्ही बाजू.
मग शॉकअप दिवाळीनंतर.
"दोनदा खोलाला लागंल, मजुरी दोनदा," तो म्हणाला.
म्हटलं, माहीत आहे.
वर्गात कुणी असं सोडवलं असतं
तर मी लाल पेन उचललं असतं.

संध्याकाळी गाडी मिळाली, अलाइनमेंट करून.
जुने आर्म त्यानं सिमेंटच्या गोणीत बांधून दिले.
"घेऊन जा, नायतर म्हनशील बदललंच नाय."

रात्री दोघी बसल्या.
पहिल्याच खड्ड्यात
खट्.
स्टीअरिंगवरचे हात गार.
आरशात अफसानाचे डोळे उघडे.
पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली थांबवली,
उतरले, चाकाकडे बघितलं, जणू मला त्यातलं कळतं.
कुसुम उतरली आणि तिनं सरळ डिकी उघडली.
गोणी लवंडलेली. आतून आर्म बाहेर,
स्टेपनीच्या कडेला टेकून.

सहामाहीचे पेपर होते, दोन गठ्ठे.
ते आम्ही दोन्ही बाजूंनी ठासले.

पुढच्या गतिरोधकाला मी सवयीनं दात आवळले.
गाडी चढली, उतरली. शॉकअप अजून जुनेच,
थोडी डुलली.
मागून कुसुम फोनवर हळू आवाजात सांगत होती,
निघालो, दहा मिनिटं,
नाय गं, मोठ्यानं नाय बोलत,
पोरगी झोपलीय.